पाहुणचाराची फायनल

"पाहुणचारात इंदूरला हरवणारा अजून जन्माला यायचाय! आणि नॉर्वेत तर तो जन्मणारच नाही. तिथे एवढी थंडी असते की वाढायला हात खिशातून काढणार कोण?"

चांगदेव तायडे चाळीच्या ओट्यावर उभा राहून हे बोलला, तेही छाती अशी काढून की शर्टाच्या मधल्या बटणाची काळजी वाटावी. हा माणूस कापड मिलच्या विव्हिंग, म्हणजे विणकाम खात्यातला, आणि मिलच्या व्हॉलीबॉल टीमचा एके काळचा कॅप्टन. दोन वर्षांपूर्वी मिल बंद पडली. मशिनं थांबली, भोंगा थांबला, पगार थांबला. चांगदेव तेवढा थांबला नाही! त्याने चाळीतल्या मुली गोळा केल्या आणि त्यांना व्हॉलीबॉल शिकवायला घेतलं. कॅप्टन त्याचीच मुलगी, संबोधी.

अडचण एकच, खेळायला जागा नव्हती. मिलच्या मागे चांगलं ऐसपैस मैदान होतं, पण मिलबरोबर त्यालाही कुलूप लागलं. फाटकावर चौकीदार म्हणून गजानन बसला. हा गजानन एके काळी चांगदेवच्याच टीममधला राखीव खेळाडू, पण आता फाटकाच्या आतून रोज एकच वाक्य म्हणायचा, "भिया, ऑर्डर नाही." मग मुली गल्लीत खेळायच्या आणि नेट म्हणून कपडे वाळत घालायची दोरी वापरायच्या. स्मॅश जोरात बसला की पॉइंट शेजारच्या मनोरमाबाईंच्या परकराला जायचा.

अशात इंदुरात आंतरराष्ट्रीय युवा मैत्री खेळ आले. ख्रिस्ती संस्थांनी भरवलेले. देशोदेशीची पोरं-पोरी, सकाळी प्रार्थना, दिवसभर सामने, संध्याकाळी एकमेकांची गाणी. प्रेम, सेवा आणि नम्रता आधी, जिंकणं नंतर, असं उद्घाटनालाच सांगितलं होतं. चांगदेवला यातलं सगळं मान्य होतं, फक्त 'जिंकणं नंतर' सोडून! कारण मुलींची व्हॉलीबॉल फायनल इंदूरच्या, म्हणजे त्याच्याच मुलींच्या टीमने मारली, तर मिशन शाळेचं कोर्ट तिला वर्षभर रोज संध्याकाळी मिळणार होतं. खरं कोर्ट, खरी जाळी, आणि परकर एकही नाही!

चाळीत कुजबुज झालीच. "संभालके हां तायडेजी, हे लोक धरम बदलवतात."

"आमच्या बापाने एकदाच बदललाय, नागपूरला जाऊन, पूर्ण विचार करून!" चांगदेव उसळला. "तो काय मी पोरीच्या व्हॉलीबॉलसाठी परत बदलू? साळवे मिसना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, आमच्याकडे देव नाही, बाबासाहेबांचा फोटो आहे. त्या म्हणाल्या, मग फोटो घेऊन या!"

सरोजिनी साळवे म्हणजे मिशन शाळेच्या खेळाच्या मिस आणि या सगळ्या मेळ्याच्या संयोजक. स्वभावाने लोण्यासारख्या, शिट्टी मात्र पोलिसासारखी वाजवायच्या. मुली मारामार करत फायनलला पोचल्या तेव्हा मिसनीच निरोप आणला. समोर नॉर्वे, आणि मैत्रीचा नियम असा की फायनलच्या सकाळी यजमान टीमने पाहुण्या टीमला आपल्या घरी नाश्ता द्यायचा.

तेव्हा चांगदेवने ओट्यावरून ती घोषणा केली, आणि मंजुळाने, म्हणजे त्याच्या बायकोने, पोह्यांची कढई चढवली.

सकाळी नॉर्वेच्या मुली आल्या. एकेक इतकी उंच की दारात वाकून नमस्कार करतेय की डोकं वाचवतेय ते कळेना! बरोबर त्यांची कोच इंग्रिड. सगळ्या ओळीने सतरंजीवर बसल्या. पोहे, वर शेव, बाजूला जिलेबी, मग कचोरी.

आता नेमका घोटाळा कुठे झाला ते सांगतो. या मुलींना येण्याआधी शिकवून पाठवलं होतं की भारतात ताटात काही टाकायचं नाही, यजमानाचा अपमान होतो. ताट स्वच्छ करायचं. आणि आपल्याकडे? आपल्याकडे पाहुण्याचं ताट स्वच्छ दिसलं की घरच्या बाईचा जीव कासावीस होतो. त्यामुळे त्यांनी संपवलं की मंजुळा वाढायची, आणि मंजुळाने वाढलं की त्या संपवायच्या! हे थांबणार कसं?

"नो, थँक यू," एक मुलगी हळूच म्हणाली.

"लाजतेय बिचारी," मंजुळा म्हणाली, आणि दोन कचोऱ्या पडल्या.

"आई, ती खरंच नको म्हणतेय," संबोधी कुजबुजली.

"पहिल्याच नकोला कोण ऐकतं गं? तुझ्या बाबांकडचे पाहुणे पाच वेळा नको म्हणून सात जिलेब्या खातात!"

चांगदेव तर पाण्याचा जग घेऊन मागे उभाच होता. "बस थोडासा! इंदूरचं पाणी आहे, सब हजम होतं! लो, लो!"

इंग्रिडने शेवटची जिलेबी डोळे मिटून गिळली. निघताना मुलींनी एकमेकींना हात देऊन उठवलं. चांगदेवला भरून आलं. म्हणाला, "बघ मंजुळा, याला म्हणतात तृप्ती!"

ती तृप्ती अकरा वाजता कोर्टावर दिसली.

पहिलीच सर्व्हिस संबोधीने केली. चेंडू नॉर्वेच्या दोन मुलींच्या मधोमध पडला. दोघींनी त्याच्याकडे बघितलं, मग एकमेकींकडे. वाकलं कोणीच नाही! दुसरा चेंडू तसाच पडला. तिसऱ्याला एक उंच मुलगी उडी मारायला गेली, अर्ध्यातच तिला काहीतरी आठवलं आणि ती तोंडावर हात ठेवून कोर्टाबाहेर धावली. पंधरा-एक! पहिला सेट इंदूरचा! चाळ ओरडून ओरडून बेभान झाली.

दुसरा सेट सुरू होणार, तेवढ्यात साळवे मिसची शिट्टी वाजली. नॉर्वेची एक मुलगी कोर्टावर आडवी पडली होती आणि प्रेमळपणे सांगत होती की मला काही झालेलं नाही, मला फक्त इथेच राहू द्या.

स्पर्धा समितीचे सचिव नरेंद्रजी तुकोगंजच्या बड्या वस्तीतून खास सूट घालून आले होते. ते तरातरा चांगदेवकडे आले. "ये क्या तरीका है? जानबूझकर ठूंस-ठूंसके खिलाया! याला आम्ही चीटिंग म्हणतो. माफी मागा, मग बघू पुढे काय करायचं ते."

चांगदेवच्या कानशिलाची शीर उडायला लागली. मिल गेली तेव्हा तो एवढा चिडला नव्हता. नोकरी गेली, ती मालकाची होती. हे पोहे घरचे होते!

"माफी?" त्याचा आवाज शाळेच्या भिंतीवर आपटून परत आला. "घरी आलेल्याला पोटभर घातलं त्याची माफी? नरेंद्रजी, उपाशी ठेवल्याची माफी मी मागेन. खाऊ घातल्याची या जन्मात मागणार नाही! चीटिंग वाटतेय ना? ठीक. हा सेट रद्द करा! माझ्या मुली पण तेवढंच खातील, तुमच्यासमोर खातील, आणि मग खेळतील!"

"बाबा!" संबोधी किंचाळली. "आपण जिंकत होतो!"

"इज्जत का सवाल आहे!"

"इज्जत तुमची आणि पोट आमचं?"

पण बाण सुटला होता. इंग्रिडला मिसनी सगळं समजावलं. तिने मान डोलावली, थोडा विचार केला आणि फारच गोड हसून म्हणाली की देवाणघेवाण आहे, तर या वेळी वाढायचं काम आमच्या मुली करतील.

टेंपोतून पोहे आले. तोवर नॉर्वेची टीम कडुनिंबाखाली दोन-तीन तास झोपून ताजीतवानी झाली होती. त्या वाढायला उठल्या, आणि सकाळी जे जे सोसलं ते सगळं त्यांना तंतोतंत पाठ होतं! "बस थोडासा! लो, लो!" अशी त्यांची आरोळी उठली. संबोधीने ताटात अर्धे पोहे टाकून उठायचा प्रयत्न केला, तर एका गोऱ्या मुलीने तिला खांदा दाबून खाली बसवलं आणि ताटाकडे बोट दाखवलं. स्वच्छ! त्यांच्या पद्धतीने! नरेंद्रजी बाजूला उभे राहून कचोऱ्या मोजत होते.

सामना चार वाजता झाला. त्याचं वर्णन करू नये, मुलींची लग्नं व्हायची आहेत. एवढंच सांगतो की संबोधीची सर्व्हिस जाळीपर्यंतही पोचली नाही, आणि उरलेल्या पाचजणींनी त्याबद्दल तिला मनापासून माफ केलं, कारण कोणालाच पळायचं नव्हतं. नॉर्वे जिंकलं आणि कोर्ट गेलं. नम्रतेसाठी एक ढाल होती, ती साळवे मिसनी चांगदेवला दिली. त्या ढालीकडे बघून मंजुळा म्हणाली, "हिच्यावर नेट बांधता येईल का?"

त्या दिवशी घरात कोणी चांगदेवशी बोललं नाही. मुलींची खरी जागा त्याने एका तावातल्या वाक्यात घालवली होती, आणि ते त्याला टोचत होतं. पण माफी मागितली नाही म्हणून तो आतून ताठही होता. दोन्ही एकदम होतं, त्याला तो तरी काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी नॉर्वेची टीम निरोप घ्यायला चाळीत आली. मंजुळाने फक्त चहा दिला, तोही अर्धा कप. इंग्रिडने संबोधीला विचारलं, "तुमचं कोर्ट कुठे आहे? एक शेवटचा सामना खेळू. रिकाम्या पोटी!"

संबोधीने गल्लीतली दोरी दाखवली. नॉर्वेच्या मुली त्या दोरीकडे बघत राहिल्या, कारण ती त्यांच्या गळ्याला लागत होती.

चांगदेवचं डोकं फिरलं. "हे नाही आमचं कोर्ट! आमचं कोर्ट मिलच्या मागे आहे. चला! बघतो कोण अडवतं!"

तो पुढे, मागे दोन्ही टीम, मागे सगळी चाळ. गजानन नेहमीप्रमाणे "भिया, ऑर्डर..." म्हणत उठला, आणि मागची गोरी रांग बघून तोंड उघडं ठेवून थांबला. मग त्याने कडक सॅल्यूट ठोकला, चावी काढली आणि फाटक सताड उघडलं!

"गजानन, ऑर्डर नव्हती ना?"

"तुमच्यासाठी नाही, भिया. जमीन विकायची आहे. परदेशी पार्टी बघायला आली तर फौरन फाटक खोलायचं, अशी वरून ऑर्डर आहे. पहले बताते ना, पार्टी तुमच्या ओळखीची आहे!"

चांगदेवचं रक्त तापलं. ज्या मैदानात त्याने घाम गाळला तिथे त्याला दोन वर्षं बंदी, आणि काल आलेल्यांना सॅल्यूट! गजाननला फाडून खायला त्याने तोंड उघडलं, पण संबोधीने मागून शर्ट ओढला. उघड्या फाटकातून मुली आत पळत सुटल्या होत्या. चांगदेवने उघडलेलं तोंड मिटलं, आणि मग तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला, तेही ताठ मानेने.

"हो, आमच्याच ओळखीची. यांना मैदान आवडलंय. परत येणार आहेत, कधी ते सांगता येत नाही. तोवर मैदान आम्ही तयार ठेवायचं ठरलंय. रोज संध्याकाळी!"

गजाननने परत सॅल्यूट ठोकला.

तेव्हापासून मुली रोज तिथे खेळतात. खरी परदेशी पार्टी पुढच्या हिवाळ्यात आली, टाय लावून, नकाशे घेऊन. गजानन एव्हाना परदेशी माणसांना सरावला होता. म्हणाला, "मॅच चालू आहे, बाजूला बसा." चेंडू आत की बाहेर ते बघायला एक लाइनमन कमी होता, म्हणून चांगदेवने त्यातल्या सगळ्यात जाड साहेबाच्या हातात झेंडा दिला. जमिनीचा सौदा पुढे फिसकटला म्हणतात, त्याबद्दल चांगदेवला काही माहीत नाही. त्याचं दुःख वेगळंच आहे. त्या साहेबाने संबोधीचा चांगला आत पडलेला चेंडू आउट दिला, आणि अजून माफी मागितलेली नाही!