येसाजी बडेकरांचा एक दिवसाचा परवाना

माणूस दारू का पितो, हा प्रश्न विचारवंतांचा आहे. तो कोणत्या परवान्यावर पितो, हा शासनाचा. दोन्हींपैकी उत्तर दुसऱ्याचंच मिळतं, तेही तीन प्रतींत.

आपल्याकडे परवान्यांची सोय उत्तम आहे. देशी विकायला एक, विदेशी विकायला दुसरा (विदेशी म्हणजे इथंच झालेली, नाव तेवढं बाहेरचं). नुसती बिअर विकायची तर तिसरा. गिऱ्हाइकाला टेबलाशी बसवून पाजायची तर चौथा. त्या जागेला परमिट रूम म्हणतात. आणि लग्न, वाढदिवस, निरोपसमारंभ अशा घरगुती आनंदासाठी एक दिवसाचा. कर्जत-खालापूर पट्ट्यात हल्ली भाताच्या खाचरांपेक्षा फार्महाऊसं जास्त आहेत, त्यामुळे घरगुती आनंद इथं दर शनिवार-रविवारी होतो. एक दिवसाचा परवाना मागायला मात्र फारसं कुणी जात नाही. (आनंदात माणसाला भान राहत नाही.)

भिसेगावचे येसाजी बडेकर गेले.

येसाजींनी रसायनीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. सहीशिवाय त्यांनी कुणाला साधा हातमोजा दिला नाही. एकदा कारखान्यात आग लागली, तेव्हा आग विझवायचं नळकांडंही त्यांनी सही घेऊनच दिलं, अशी आठवण निरोपाच्या भाषणात मॅनेजरांनी सांगितली. (टाळ्या पडल्या. आग लहान होती.)

निवृत्तीनंतर मित्रांनी "आता एकदा बसूया" असा धोशा लावला. येसाजी स्वतः वर्षातून दोनदा, पत्नी सुंदराबाईंच्या संमतीनं, दोन पेग घेत. कोंडाण्याच्या वाटेवर त्यांची आंब्याच्या कलमांची छोटी जागा होती. तिथं रविवारी दुपारी स्वतः धरून चाळीस माणसांसाठी मटण, तांदळाच्या भाकऱ्या आणि तदनुषंगिक पेय असा बेत ठरला.

"पन लायसन काढून," येसाजी म्हणाले.

"गाडी घेताय का काय?" सुंदराबाईंनी विचारलं.

परवान्याच्या कार्यालयात निशिगंधा मॅडम नावाच्या कारकून होत्या. त्यांनी येसाजींचं म्हणणं दोनदा ऐकलं.

"काका, कुणी तक्रार केलीय का?"

"नाय."

"छापा पडलाय?"

"नाय वो."

"मग आलात कशाला?"

"पार्टी हाय. कायद्यानं करायचीय."

मॅडमनी त्यांना आधी पाणी दिलं. मग पंखा त्यांच्याकडे वळवला. मग कपाटामागून अर्जाचा नमुना शोधून काढला आणि त्यावरची धूळ पुसली. माणसं किती, या रकान्यात येसाजींनी चाळीस लिहिलं. हा परवाना झाला पाजण्याचा. पिणाऱ्याला आपला स्वतंत्र परवाना लागतो, हे मॅडमनी त्यानंतर समजावलं. प्रत्येकाचं पूर्ण नाव, वय, पत्ता, सही. आपला मनुष्य मद्य घेतो ते प्रकृती राखण्यासाठी, अशी कायद्याची समजूत आहे, आणि परवान्यावर तसं छापलेलंही असतं.

येसाजींना हे फार आवडलं. चौतीस वर्षांत इतकी चोख व्यवस्था त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी वही घेतली आणि पाहुण्यांच्या दारोदार सह्या गोळा करायला निघाले.

परिणाम तात्काळ दिसला. एकोणचाळीसपैकी एकवीस जणांनी दारू त्याच आठवड्यात सोडली. नऊ जणांनी ती कधी घेतलीच नव्हती (पैकी चौघांनी हे पडद्यामागे ग्लास सरकवत सांगितलं). पाच जणांनी हे आधारला जोडणार का, अशी चौकशी केली आणि आत गेले. तिघांनी आपल्याऐवजी मेहुण्याचं नाव दिलं. तिघांच्या मेहुण्यांचा शोध घेता ते तिघे एकमेकांचेच मेहुणे निघाले. दारूबंदीचं इतकं प्रभावी काम तालुक्यात पूर्वी कुणी केलेलं नाही.

राहिले कोंडाजी, येसाजींचे बालमित्र. ते गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष.

"येसू, तू मित्र हायस का वैरी?" कोंडाजी कुजबुजले. "पिऊ की. पन लिवतोस कशाला?"

"लिवल्याबिगर देता येत नाय रं."

तेवढ्यात ओटीवरून कोंडाजींची आई, सोनाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, म्हणाली, "माझं लिव."

"आये, तू गप बस गं!"

"का म्हनून? माझं सांधे धरत्यात. आन् मला आता कोन बघायला येनार हाय, का माझी बदनामी व्हनार हाय?"

कोंडाजींच्या जागी सोनाबाईंनी अंगठा न देता सही केली. ती सही साक्षरतेच्या वर्गात शिकल्यावर प्रथमच कामाला येत होती.

रविवारी येसाजींनी परवाना लॅमिनेट करून आंब्याला टांगला. अडतीस पाहुणे वेळेवर आले. त्यांनी परवान्याचं कौतुक केलं, मटण जेवले, आणि "जरा पाय मोकळे करतो" म्हणून एकेक करून कुंपण ओलांडून शेजारच्या फार्महाऊसवर गेले. तिथले निलेशशेठ वाशीचे. त्यांच्याकडे स्विमिंग पूल होता, स्पीकर होते, सगळ्यांना मुक्त प्रवेश होता. परवाना नव्हता.

अडीचच्या सुमारास आंब्याखाली येसाजी आणि सोनाबाई अशी दोघंच उरली. येसाजींनी पहिल्या पेगाला हातही लावला नव्हता. कुंपणापलीकडून ओळखीचे हसण्याचे आवाज येत होते, आणि ते एकेक आवाज नावानं ओळखत होते.

"चौतीस वर्षं समद्यांच्या सह्या घेतल्या, म्हातारे," ते म्हणाले. "मला वाटलं, मानसं बी जोडली."

सोनाबाईंनी आपला छोटा घोट संपवला, तोंड पुसलं. "उगी रं. दोघंच हाव, पन कायद्यात हाव."

नेमके तेव्हाच निरीक्षक साहेब तपासणीला आले. तपासणी परवान्याची होत असते. जिथं परवानाच नाही तिथं तपासणार काय? साहेबांनी बाटलीची पावती पाहिली, दोन परवाने पाहिले, सोनाबाईंचं वय पडताळलं.

"हा आवाज कसला?" त्यांनी विचारलं.

"शेजारचा. त्यांच्याकडं लायसन नाय."

"मग तो आपला विषय नाही," साहेब सुटकेनं म्हणाले आणि शेरा लिहून गेले.

आठवड्यानं नोटीस आली. 'अर्जात नमूद मद्य घेणारे इसम चाळीस. प्रत्यक्षात दोन. तरी उर्वरित अडतीस इसमांनी मद्य का घेतले नाही, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.'

येसाजींनी खुलासा खरा लिहिला: 'सदर इसमांनी मद्य घेतले, मात्र शेजारी घेतले. यादी सोबत जोडली आहे.' यादीत अडतीस नावं होती. आणि ती पाठवण्यापूर्वी, रिवाजाप्रमाणे, प्रत्येकाची सही आणायला ते वही घेऊन निघाले.

पहिल्या सहीआधीच गाव त्यांच्या अंगणात जमलं. कुणी हात जोडले, कुणी जुनी मैत्री काढली. कोंडाजींनी दारूबंदी समितीच्या वतीनं विनंती केली की पिणाऱ्यांची नावं उघड करू नयेत, समाजावर वाईट परिणाम होतो. येसाजी ऐकेनात. खोटं ते लिहिणार नव्हते.

शेवटी सुंदराबाई भाकरी थापता थापता आतून ओरडल्या, "अवो, प्रकुर्तीसाठी घेत्यात ना? मग लिवू द्या त्यांना, तब्येत बरी हाय, म्हनून नाय घेतली!"

अडतीस जणांनी रांगेत सह्या केल्या: 'आमची प्रकृती उत्तम असल्याने मद्याची गरज भासली नाही.' येसाजींनी खाली लिहिलं, 'वरील मजकूर संबंधितांचा आहे, माझा नाही,' आणि बराच वेळ पेन झाकलं नाही. खुलासा मान्य झाला. फाइल बंद झाली. निशिगंधा मॅडमनी, ऐकतो, तिच्यावर 'आदर्श' असं पेन्सिलीनं लिहून ठेवलं.

तुम्ही विचाराल, मला हे इतकं बारीक कसं ठाऊक. दारू सोडलेल्या त्या एकवीसांतला मी सातवा. त्या दिवशी निलेशशेठकडे बर्फाच्या डब्यापाशी रांग होती, आणि माझ्या पुढे उभं राहून दुसरा ग्लास भरून घेत होतं ते कोण, हे मी येसाजींना अजून सांगितलेलं नाही. वाचता वाचता मघाशी हसलात, तेव्हा आवाज लगेच ओळखला. काळजी नसावी. एवढंच सांगा, तुम्ही आडनाव आधी लिहिता की नंतर?