दुधाला एक माप, गोष्टीला दोन

दिगूनानांच्या हातात कुठलाही छापील कागद द्या, ते तो मागून वाचायला लागतात. वर्तमानपत्राचं आधी शेवटचं पान. लग्नपत्रिकेत त्यांना नवरानवरीच्या नावाआधी 'आहेर आणू नये' हे कळतं. कुणी हसलं की म्हणतात, "आमचे आबा निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेले. उजवीकडनं वाचायची आमच्या घराला सवय हाय."

हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की नाना सहा वर्षांपासून मोबाइलवर मंगा वाचतात. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. ती उजवीकडून डावीकडे वाचायची असते, दर आठवड्याला तिचा एक भाग येतो आणि गोष्ट वर्षानुवर्षं चालते. आमच्या डेअरीच्या चेअरमनसाहेबांच्या ड्रायव्हरला कितीतरी दिवस वाटत होतं, मंगा म्हणजे नानांचा कुणी मंगेश नावाचा भाऊबंद आहे आणि तो फार आजारी असतो, कारण नाना रोज त्याचीच काळजी करतात.

नेकनूरच्या अलीकडे आमची सहकारी दूध डेअरी आहे. मी तिथली सचिव. नाना दूध तपासतात, फॅट किती, डिग्री म्हणजे घट्टपणा किती; पाणी घातलं की डिग्री उतरते. वय छप्पन्न, शिक्षण दहावी. मंगा ते इंग्रजी भाषांतरात वाचतात आणि इंग्रजी त्यातूनच शिकले. त्यामुळे बँकेचा इंग्रजी फॉर्म त्यांना अजून भरता येत नाही, पण सूड, गद्दार आणि तलवारीचं म्यान यांना इंग्रजीत काय म्हणतात हे तोंडपाठ.

नानांची मालिका एका लोहाराची. त्याच्या गावावर कुणीतरी शाप टाकलाय, म्हणून तो डोंगरावरचा विस्तव आणायला निघालाय. बारा वर्षं चालतोय, डोंगर अजून आलेला नाही. नाना तिला नुसतं 'लोहार' म्हणतात. दुसरी मालिका त्यांच्या मुलीची, सविताची. ती अंबाजोगाईला नर्सिंग शिकली आणि आता बेंगलोरच्या एका दवाखान्यात नोकरी करते. तिच्या मालिकेत धुक्यात हरवलेल्या गावातली एक मुलगी आहे. त्या मालिकेचं नाव 'धुकं'.

आता नानांचा न्याय ऐका. लोहाराच्या आजोबांची कथा चाळीस भाग चालली, तेव्हा नाना म्हणाले, "मूळ दाखवावंच लागतं ताई. झाड मुळावर उभं ऱ्हातं." धुक्यातल्या मुलीच्या आईची कथा तीन भाग चालली, तर म्हणाले, "पाणी घातलंय!"

लोहाराचा मेलेला मित्र परत आला. मी म्हटलं, "नाना, हा तर मेला होता."

"मेला हे कुणी बघितलं? पंचनामा झालता का?"

धुक्यात एक म्हातारी परत आली, तर नानांनी दुधाचं माप खाली ठेवून कपाळाला हात लावला. "मेलेली मान्सं उठायलीत. काय पोरखेळ हाय!"

लोहाराच्या चित्रकारानं सहा महिने सुट्टी घेतली. "मान्साचा हात हाय, दुखणारच. गाय आटली म्हणून तिला कामचोर म्हणतो का आपण?" धुक्याच्या चित्रकारानं दोन आठवडे घेतले. "कामचोर!"

लोहाराचा डोळा जायची वेळ आली, तेव्हा तर हे गृहस्थ लिंबागणेशच्या गणपतीला जाऊन नारळ फोडून आले. डोळा वाचला. प्रसाद आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

पण हाच माणूस दुधाच्या बाबतीत कसा होता, ते सांगितल्याशिवाय नाना कळायचे नाहीत.

लोहाराचा डोळा वाचला, त्या वर्षी आमच्याकडे सलग दुसरा दुष्काळ होता. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, जनावरं चारा-छावणीत, आणि डेअरीत येणारं दूध निम्म्यावर. गाय अर्धपोटी असली की दूध पातळ होतं. नानांना ते ठाऊक होतं. तेवढी सूट ते सगळ्यांना सारखीच द्यायचे. त्याच्या खाली गेलं की दूध परत. सख्ख्या धाकट्या भावाचं, महादूचं दूध त्यांनी भर रांगेत परत केलं. महादू मान खाली घालून कॅन घेऊन गेला आणि पुढे दोन महिने भावाशी बोलला नाही.

मग एका सकाळी चेअरमनसाहेबांच्या घरचे दोन कॅन आले. नानांनी डिग्री बघितली. पुन्हा बघितली. कॅन बाजूला सरकवले आणि म्हणाले, "परत."

थोड्या वेळात चेअरमनसाहेब स्वतः आले. रांगेत तीस-चाळीस माणसं. "दिगंबर, दुष्काळ हाय. गायीला चारा न्हाई. डिग्री कमीच लागणार."

"चाऱ्यापायी इतकी उतरत न्हाई साहेब."

"मग कशानं उतरली?"

नाना अगदी साध्या आवाजात म्हणाले, "त्येच मी इचारतोय. गावात प्यायला पाणी न्हाई. दुधात घालायला तुमाला टँकर कुठला भेटला?"

रांगेत आधी कुणीतरी खोकलं. मग सगळीच रांग हसली. चेअरमनसाहेब लाल होऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी संचालकांची बैठक लागली. विषय एकच, दिगंबररावांना कामावरून कमी करणे.

इतिवृत्त मीच लिहीत होते. नाना दाराशी उभे होते, टोपी हातात. दोन संचालकांनी चेअरमनसाहेबांच्या बाजूने मान हलवली. तेवढ्यात बाहेरून महादू आत आला. बैठकीत सभासदाला बोलता येतं का, हे कुणी विचारायच्या आत तो बोलून मोकळा झाला.

"ह्यानं माझं बी दूध परत केलं. मी ह्याचा सख्खा भाऊ. त्या दिवशी मी बी पाणी घातलतं, खोटं कावून बोलू? दोन महिने ह्याचं तोंड बघितलं न्हाई. पर ह्याला काढलं तर ह्या डेअरीत दूध कोन घालंल? मी तर न्हाई घालायचो."

खिडकीबाहेरून आवाज आला, "आमी बी न्हाई." मग आणखी एक. खिडकी माणसांनी भरून गेली होती.

ठराव बारगळला. 'विषय मागे घेण्यात आला' हे वाक्य मी इतक्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय की मागच्या पानावर उमटलंय. आजही कुणी डेअरी बघायला आलं की मी त्यांना ते पान दाखवते, आणि मग दुधाच्या टेबलाशी उभे असलेले नाना दाखवते.

त्याच आठवड्यात मी त्यांना छेडलं. "नाना, दुधाला एक माप अन् गोष्टीला दोन?"

"दूध लोकाचं हाय ताई," नाना म्हणाले. "गोष्ट माझी हाय."

मला वाटलं, झालं, हेच उत्तर. पण ते नव्हतं.

पुढच्या वर्षी 'धुकं' संपलं. रविवार होता. संध्याकाळचं संकलन उरकलं होतं. मी रजिस्टर ठेवायला आत गेले, तर नाना खुर्चीत बसून मोबाइल बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, काही वाईट बातमी आली.

"ती पोरगी," नाना म्हणाले. "सापडलं तिला गाव. पर तिथं तिला कुनी वळखंना." त्यांनी टोपीनं डोळे पुसले. "इतकं चांगलं मी अजून वाचलं न्हाई ताई. लोहार ह्याच्या पायाशी बी न्हाई."

तेवढ्यात दर रविवारचा फोन वाजला. सविता. नानांनी घसा खाकरला, आवाज चढवला आणि म्हणाले, "वाचला! लई फालतू शेवट! चार वर्सं पोरीला फिरवली अन् गाव वळखंना? ह्यो काय शेवट हाय?"

पलीकडून सविता इतकी तडकली की मला टेबलापलीकडून ऐकू येत होतं. "नाना, तुम्हाला काही कळत नाही! तुमचा लोहार अजून डोंगर शोधतोय!" मग ती शेवट समजावून सांगायला लागली. पहिल्या भागापासून. नाना मध्येच खोडी काढत होते, "पाणी घातलंय" म्हणत होते, आणि गालातल्या गालात हसत होते. पाऊण तास गेला. तिनं दवाखान्यातलं सांगितलं, घरमालकिणीचं सांगितलं, डोळे दुखतात तेही सांगितलं.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "नाना, खोटं का बोललात?"

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. "हिची आई होती तवा दोघी तास तास बोलायच्या. मी नुसता बाजूला बसलेला. ती गेली अन् फोन माझ्या हातात आला. 'जेवली का?' 'जेवले.' 'बरी हाय का?' 'बरी हाय.' 'ठिवू का?' संपलं. मग इचारलं, तू वाचती काय? तिनं लोहार अन् धुकं दोन्हीबी पाठवल्या, धुकं तिच्या आवडीचं. मी म्हनलं, लोहारच चांगला. लागली भांडायला." नाना हसले. "पटलं म्हनलं की फोन दोन मिनटात संपतो ताई."

दिवसभर खरं-खोटं निवडणारा माणूस तो.

मी विचारलं, "पण आता धुकं संपलं. आता काय करणार?"

"तिनं नवी सुरू केलीय. पाठवली मला. पैला भाग सकाळीच वाचला." नाना उठले, टोपी घातली. "लई भारी हाय. रविवारपतुर नावं ठिवायला कायतरी हुडकावं लागंल."