बाहेरचा दोन नंबर

"सर, हे कोणाले समजन?" अनुपमाने कागद परत केला.

भगवंतरावांनी फार खोडाखोड करून 'त्रयस्थनिर्मित पूरक घटक' असे लिहिले होते. डोणगावच्या तिच्या प्रशिक्षण केंद्रात शेतकरी मोबाइलवर कपाशीचे धडे घेत. धड्यांचे सॉफ्टवेअर फुकटचे, सगळ्यांसाठी खुले. त्याला बाहेरच्या लोकांनी बनवलेल्या जोडण्या लावता येत. त्यांची मराठी टिपणे लिहायला तिने या निवृत्त ग्रंथपालाला बोलावले होते. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तके सांभाळलेल्या माणसाला स्वतःची एक ओळ लिहिताना घाम फुटे.

"धड्याले येते त्या सोजराबाईले समजन असं लिहा," अनुपमा म्हणाली.

शेतकऱ्यांची हजेरी घेणाऱ्या जोडणीची दुसरी आवृत्ती बिघडलेली होती. भगवंतरावांनी धीर करून लिहिले, 'बाहेरचा दोन नंबर लावू नका. त्यात किडा आहे.' अनुपमा खूश झाली. पण टिपण चढवताना वरचा 'हजेरी' हा शब्द सुटला, आणि टिपण कपाशीच्या धड्याच्या डोक्यावर जाऊन बसले.

मागच्या हंगामात गुलाबी बोंडअळीने गाव पोखरले होते. किड्याचे नाव निघाले की चावडीवर बोलणे थांबे. त्यात पेरणी तोंडावर आलेली. चारच दिवसांत बियाणेवाला हबीब भगवंतरावांच्या ओट्यावर येऊन बसला.

"सर, कपाशीच्या बीटी दोन नंबरच्या थैल्या भरून ठेवल्या म्या. मलकापूरहून आणल्या, म्हंजे बाहेरच्याच. कोणी हात लावून नाही राह्यलं. सरनं लिहिलं म्हणतात."

"अहो, तो हजेरीतला किडा आहे."

"हजेरीले किडा लागते?"

"म्हणजे बिघाड. आलेला माणूस गैरहजर दाखवतो."

"कपाशीतला बी तेच करते, सर. बोंड हजर, कापूस गैरहजर."

भगवंतरावांना जेवण गेले नाही. आपल्या एका ओळीने गावाची पेरणी चुकली तर? त्यांनी घाईघाईने खुलासा चढवला, 'हा किडा कपाशीवरचा नाही.'

संध्याकाळी सोजराबाई दारात उभ्या. "सर, म्हंजे हा नवाच हाये का?"

"नाही हो बाई. हा शेतातला नाहीच."

"जुना तरी वळखीचा होता," त्या म्हणाल्या आणि सोयाबीनचे बियाणे बघायला निघून गेल्या. त्यांच्यामागे अर्ध्या गावाने सोयाबीन पेरले. हबीबच्या थैल्या तशाच राहिल्या. भगवंतराव त्याच्या दुकानावरून जाणे टाळू लागले.

उरलेल्यांनी दुसऱ्या वाणाची कपाशी लावली होती; दिवाळीपर्यंत तिच्यावर अळी पुन्हा आली. सोयाबीनही काही धड नव्हते, काढणीच्या पावसात भिजून काळे पडले होते. तरी अळी आधीच सांगितली म्हणून लोक भगवंतरावांना वाट देऊ लागले. त्या सन्मानाने ते आणखीच वाकून चालत. आपण काहीच सांगितले नव्हते, हे कोणाला सांगावे?

अशातच अनुपमाने निरोप दिला, "सर, बाहेरच्यानं हजेरीची जोडणी दुरुस्त केली. नवीन टिपण लिहा."

या वेळी भगवंतरावांनी ठळक अक्षरांत वर 'हजेरी' लिहिले, ते योग्य जागी बसले का हे तीनदा पाहिले, आणि खाली एवढेच लिहिले, 'किडा गेला.'

सकाळी ओट्यावर हबीब, सोजराबाई आणि मागे दहा-बारा माणसे.

"हजेरीतला, बाई. फक्त हजेरीतला," भगवंतराव आधीच म्हणाले.

"हाव, वाचलं ना," सोजराबाई म्हणाल्या. "पण तिथून गेला, तर आता कुठं गेला, ते बी लिहा ना, सर."