सरांच्या गुडघ्याची मोहीम

ऐक, फक्त ऐक, मध्ये तोंड घालू नकोस, कारण ही हकीकत तिखटमीठ न लावता जशी घडली तशी सांगतोय.

तळघरातल्या प्रयोगशाळेत क्वांटम संगणक नामे महायंत्र, आणि त्याच्या पोटी, बर्फाहून शतपट गार अशा पेटीत, शंभर क्युबिटांची, म्हणजे त्याच्या गणिती कणांची, फौज. फौज नामांकित, परंतु मिजास अशी की प्रत्येक शिपाई एकाच वेळी होही म्हणे आणि नाहीही म्हणे, आणि बाहेरचं वारं लागलं की सगळं विसरून बसे. हल्ली त्यांच्या चुका जागीच पकडून दुरुस्त करण्याची विद्या साधली होती, आणि मग ती पाहायला चार वाजता समिती येणार होती. फौज तासभर शुद्धीवर राहिली तर यंत्र राहणार, नाहीतर वरच्या मजल्याचे लोक, म्हणजे प्रतिस्पर्धी प्रयोगशाळावाले, उचलून नेणार. आणि फौजेचा सगळा भार धाकट्या इंजिनियरबाईंवर, ज्यांना सगळे छोटी म्हणत.

आफत अशी की छोटी एकटी असे तोवर फौज शहाणी, आणि सर, म्हणजे प्रयोगशाळेचे सरलष्कर, दाखल होताच दाणादाण. मग मसलत बसली आणि विद्वानांनी ग्रंथ चाळून ठरवलं की पाहिल्यानं क्युबिट मोडतो, सबब सरांनी पाहू नये. हुकूम सुटला आणि सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. फौज मोडली. मग डोळे मिटले. तरी मोडली.

"आता काय, यंत्राचा विचारही करू नको?" सर कडाडले.

"थोडा वेळ न करून बघा ना सर."

इतक्यात छोटीच्या हातून स्क्रू निसटला, आणि जमिनीवर पडायचा सोडून उडाला तो थेट सरांच्या गुडघ्यावर, पँटीला चिकटला.

"सर, आत काय आहे?"

"अगं, चुंबकी पट्टा. गुडघेदुखीवर बायकोनं आणलाय. काढला तर घरी माझी खैर नाही."

मग छोटीनं जीव मुठीत धरून फर्मावलं की फौज या चुंबकानंच बिथरते, सबब पट्टा उतरवावा, आणि सर खोक्यांआड जाऊन, विजार सावरत, लंगडत परतले, आणि पट्ट्याची रवानगी झाली वरच्या मजल्याच्या लोकांच्या कपाटात, आणि फौज शहाणी झाली.

चार वाजले. समितीच्या अध्यक्षबाई दोन सदस्यांसह आल्या, आणि पुन्हा दाणादाण! छोटीनं पाहिलं, तर बाईसुद्धा लंगडत होत्या.

"सर, यांनाही..."

"पट्टा काढायला मी नाही सांगणार हं!"

मग छोटी गोड आवाजात म्हणाली, "बाई, आमच्या सरांचा गुडघा फार छळतो हो, काही उपाय सांगता?" आणि बाई हरखल्या, आणि सरांना दंडाला धरून बाहेरच्या बाकावर घेऊन गेल्या, आणि फौज सावरली, आणि सदस्यांनी घड्याळ लावलं.

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला काचेतून दिसलं की बाईंनी पिशवीतला दुप्पट जोराचा पट्टा सरांना बहाल केला आहे, आणि सर तो बांधून, टुणटुणीत, छोटीची पाठ थोपटायला येत आहेत. छोटीनं आतून कडी घातली.

"अगं उघड! शाबासकी द्यायला आलोय!"

येणेप्रमाणे साठ मिनिटं पुरी जाहली, फौज शुद्धीवर राहिली, यंत्र जागचं हललं नाही, आणि सरलष्कर दाराबाहेर असता मोठी फत्ते जाहली.

आता सर बोलत नाहीत तिच्याशी. पण खरं सांग, तू असतास तर उघडलं असतंस दार?