केळ्यांच्या वखारीतला संसार

रात्रपाळी लागली तेव्हाच मी ठरवलं, झोपेच्या बाबतीत कुणाचं ऐकायचं नाही. आणि लगेच भाईदासचं ऐकलं. (मी असाच आहे.)

भाईदास आमच्या पाइपच्या कारखान्यातला जोडीदार, मूळचा केळीवाला. म्हणाला, "उजेडात कुठे झोप लागते का? केळी पिकवायच्या वखारीसारखी खोली कर. एक चीर ठेवू नको."

जळगावात आमची खोली एकच. मी खिडकीला पोती ठोकली, झरोक्यात चिंध्या कोंबल्या, दाराला गोधडी टांगली. काय सांगू, दिवसभर मेल्यासारखा झोपलो!

पण माझी बायको तानुबाई हळूहळू बोलेनाशी झाली. एरवी ही बाई दळणाच्या डब्याशीसुद्धा गप्पा मारायची. आता भरदिवसा जांभया, आणि रात्री म्हणे डोळ्याला डोळा नाही. एकदा वरणात चहापत्ती पडली, तरी तिला हसू आलं नाही. मला फार वाईट वाटलं.

"अगं, रागावलीस का?"

"नाही."

"जिलबी आणू?"

"आणा."

आणली. तिनं एक तुकडा खाल्ला आणि भिंतीकडे तोंड करून पडली. माझं रडायचंच बाकी होतं. (दोष अर्थात मी जिलबीवाल्याला दिला.)

शेवटी नरडाण्याहून तिचे वडील, नाना, आले. भर दुपारी उंबऱ्याला ठेचकाळले आणि चाचपडत बसले ते थेट माझ्या पोटावर.

"जावईबापू," नाना कडाडले, "मी तुमले आंडेर दिधी, केयाना घड नही! पोरले उजेड नको का?"

(आंडेर म्हणजे मुलगी. केयाना म्हणजे केळ्यांचा. घड म्हणजे घडच.)

नानांनी स्वतःच पोती ओढून काढली. ऊन आत आलं. तानुबाई खिडकीशी जाऊन डोळे मिटून नुसती उभी राहिली. तिचा चेहरा बघून मी मनात म्हटलं, चुलीत गेली माझी झोप!

मग तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, अन् एकदम तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले.

"अगं, रडू नको गं!" मी धावलो.

रडत कुठली! हसता हसता ती मटकन खाली बसली. "अहो, आरशात बघा! नाना, यांची मिशी बघा!"

अंधारात दाढी करताना डावीकडची निम्मी मिशी उडाली होती. पण किती दिवसांनी हसली हो ती! मी उजवीकडचीही द्यायला तयार होतो.

"कधीपासून आहे ही अशी?" तिनं डोळे पुसत विचारलं.

मी मिशी चाचपली. बरेच दिवस कारखान्यात मी समोर आलो की सगळे मान खाली घालायचे. मला वाटायचं, वचक बसला.