गोदाक्काचं लाटणं

स्वतःच्या कादंबरीतलं वाक्य स्वतःच्याच स्वयंपाकघरातून ऐकू आलं, तेव्हा तृप्ती दात घासत होती.

"'ज्याला लसूण चालत नाही तो माणूस नव्हे!' असं पुटपुटत गोदाक्कानं लाटणं उचललं..."

तोंडात ब्रश तसाच ठेवून ती धावली. ओट्यापाशी लंकाबाई पोळ्या लाटत होत्या आणि तूरडाळीच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलमधून कुणी बाई घोगऱ्या आवाजात तेविसावा भाग वाचत होती.

"ताई, लय भारी गोष्ट हाय," लंकाबाई म्हणाल्या. "आपल्या नाशकातलीच. गंगापूर रोडच्या टॉवरात वम्पायर भाड्यानं राहत्यात. रगत पितात माणसांचं. आन त्यांना मारती कोन? तर पोळ्या लाटनारी बाई!"

"कोणी लिहिलीय?" तृप्तीनं फेसाळ तोंडानं विचारलं.

"कोन यामिनी म्हनून हाय. पन ती गोदाक्का लय वंगाळ बाई. मालकिणीची लिंबं पिशवीत टाकून घरी नेती, पालीला भिती, दिवसभर तोंड चालू. आमच्या गल्लीत हाय तशी एक."

तृप्ती निमूटपणे चूळ भरायला गेली. यामिनी म्हणजे तीच होती, आणि गल्लीतली ती बाई या क्षणी तिच्याच ओट्यावर पोळी भाजत होती. लिंबांसकट आणि पालीसकट तिनं लंकाबाईंना उचलून कादंबरीत ठेवलं होतं, नुसतं नाव बदलून. घरात सगळे झोपल्यावर चोरून लिहायची, एकेक भाग टोपणनावानं इंटरनेटवर टाकायची, आणि लिहिताना मजा यायची. आपली कादंबरी कुणी वाचून दाखवेल आणि ती पेठ तालुक्यातून आलेल्या लंकाबाई ऐकतील, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आता हे लंकाबाईंना कळलं तर त्या जाणार, यात शंका नव्हती. लग्नाच्या सहा वर्षांत तृप्तीनं पाच स्वयंपाकीणबाया गमावल्या होत्या. एक भाजीत मीठ कमी आहे म्हटल्यावर गेली होती, आणि दुसरी 'आज मीठ अगदी बरोबर पडलंय' म्हटल्यावर. म्हणजे रोज चुकतं का, असं विचारून ती जी गेली ती गेलीच. लंकाबाई दिवाळीनंतर आल्या आणि टिकल्या. तृप्तीचं ऑफिस नाशिक रोडला, नवरा सुनील भल्या पहाटे सिन्नरच्या कारखान्यात, आणि इंदिरानगरच्या या फ्लॅटमध्ये दिवसभर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई एकट्या. लंकाबाई गेल्या की घर बसलंच म्हणायचं.

काही झालं तरी बोलायचं नाही, असं ठरवून तृप्ती ऑफिसला गेली. साडेअकराला फोन वाजला.

"ताई, घाबरू नका," लंकाबाई कुजबुजल्या. तृप्ती ताबडतोब घाबरली. "तुमी दिवसा घरी नसता, म्हनून तुमाला काय म्हाईत नाय. आजी वम्पायर हायेत."

"काय?"

"उन्हात पाऊल टाकीत नायत. पडदे बंद. घरात काळा चष्मा. आरशावर टावेल टाकलाय. सकाळ-संध्याकाळ पेला भरून लाल पितात. आन पंधरा दिस झाले, लसूण तोंडाला शिवू देत नायत!"

"अहो, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय त्यांच्या! उजेड सहन होत नाही. आणि ते लाल म्हणजे डाळिंबाचा रस."

"आन लसूण?"

"चातुर्मास आहे! कांदेनवमीला भजी खाल्ली ना आपण? आता कार्तिकीपर्यंत त्यांचा कांदा-लसूण बंद. एकतीस वर्षांचा नेम आहे आईंचा."

"आमच्या पेठकडं चार-चार म्हैनं लसूण सोडनारं माणूस मी नाय बघितलं. आन वम्पायर असंच सांगतात, ताई. एकोनिसाव्या भागात हाय. 'आमचं व्रत आहे,' म्हनतात."

हे खरं होतं. एकोणिसाव्या भागात तृप्तीनं ते लिहिलं होतं आणि लिहिल्यावर स्वतःवरच खूश होऊन एक चहाही केला होता. तिला आता त्या चहाचा राग आला.

"म्हनून मी वरणात धा पाकळ्या ठेचून टाकल्यात," लंकाबाई पुढे म्हणाल्या. "वास लपायला वर हिंग. माणूस असल्या तर जेवतील. नसल्या तर तळमळतील."

"तळमळल्या तर?"

"लाटणं जवळच ठेवलंय."

तृप्ती खुर्चीतून उठली. गोदाक्का लाटण्याचं टोक तासते आणि वम्पायरच्या थेट छातीत घालते. सगळं बारकाईनं लिहिलेलं होतं, कुठे किती जोर लावायचा तेसुद्धा.

"लंकाबाई, ऐका! ती गोष्ट खोटी आहे. ती..." 'मी लिहिलीय' हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. "मी येतेच. आईंना वाढू नका!"

"बसल्या की पानावर," लंकाबाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

सासूबाई वत्सलाबाई जेवताना फोन घेत नसत. तृप्तीनं रिक्षा पकडली. द्वारकेच्या चौकात पोचेपर्यंत ती घामाघूम झाली होती आणि तिथे रिक्षा अडकली ती अडकलीच.

"घरी कोणी सीरियस आहे का, ताई?" रिक्षावाल्या फारुखभाईंनी विचारलं.

"सासूबाई जेवायला बसल्यात हो!"

फारुखभाईंनी आरशातून तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मग घरापर्यंत काही विचारलं नाही.

तृप्तीनं दार उघडलं तेव्हा वत्सलाबाई काळा चष्मा लावून वरण-भात ओरपत होत्या. त्यांच्या पाठीमागे लंकाबाई उभ्या. हातात लाटणं.

"आई, थांबा!"

"अगंबाई, तू आत्ता कशी? बस, जेव. काय वरण झालंय आज! तिसऱ्यांदा घेतेय."

लंकाबाईंनी लाटणं खाली ठेवलं आणि त्या तृप्तीच्या कानाशी आल्या. "माणूसच हायेत," त्यांनी सुटकेनं सांगितलं.

तृप्ती मटकन खुर्चीत बसली. चला, निदान खून टळला. तेवढ्यात वत्सलाबाईंची बोटं भातात थांबली. त्यांनी काहीतरी चिमटीत धरलं आणि नाकाशी नेलं.

"लसूण," त्या म्हणाल्या.

त्यांनी ती पाकळी ताटाच्या कडेला ठेवली.

"एकतीस वर्षं, तृप्ती. सुनीलला लहानपणी कावीळ झाली, तेव्हापासून. एक दिवस चुकले नाही मी. कुणी घातला हा?"

लंकाबाईंनी खिळ्यावरची पिशवी काढली. गेली, तृप्तीच्या मनात आलं, सहावीसुद्धा गेली. आणि खरं तर यात त्या बिचारीची चूक तरी काय होती? लसूण लंकाबाईंनी ठेचला, पण तो ठेचायला शिकवला कुणी?

"मी घातला, आई," ती म्हणाली. "सकाळी वरणाला फोडणी मीच दिली. घाईत लक्षातच राहिलं नाही. माझी चूक."

लंकाबाई पिशवी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

वत्सलाबाईंनी पदरानं चष्म्याखालून डोळे पुसले. "नेम एकट्या माणसाचा नसतो, घराचा असतो," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून सांडला, तो तू उचल. आजपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण तुला बंद."

"हो, आई."

"आणि लंकाबाई, वाढा आणखी थोडं. पानात टाकणं हेही पापच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तृप्ती स्वयंपाकघरात आली तेव्हा मोबाइल बंद होता. लंकाबाई मुकाट्यानं पोळ्या लाटत होत्या. ओट्यावर तृप्तीच्या डब्यासाठी लसणाची फोडणी दिलेलं पिठलं रटरटत होतं.

"माझ्या डब्यात पिठलं नको, लंकाबाई," तृप्ती म्हणाली. "मला लसूण चालणार नाही."

लाटणं थांबलं. लंकाबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. रात्री चोविसावा भाग पुरा केल्यामुळे तृप्तीचे डोळे लालबुंद झाले होते.

"ताई, मला सगळं समजलंय."

लपवण्यात आता अर्थ नव्हता. "मी तुम्हाला सांगणारच होते. खरंच. कधी कळलं?"

"काल. आजींचा नेम तर निस्ता नेमच होता. पन त्या मला म्हनाल्या, तृप्ती रात-रात जागी असते, काय करते देव जाणे. दिवसा तर तुमी घरी नसताच. आजीनं काल वाढून घेतलं पन तुमी त्या वरणाला हात लावला नाय. म्हनून आज मुद्दाम लसूण घालून बघितला, तर म्हनताय, चालनार नाय. आजींनी बंद केलाय म्हनाल, पन वम्पायर असंच सांगतात."

"हे समजलंय?" तृप्ती म्हणाली.

"रात्री लय रडले मी," लंकाबाई म्हणाल्या. "म्हनलं, उद्यापासून नाय जायचं त्या घरात. मग मनात आलं, माझ्यासाठी सासूपुढं खोटं बोलली ती. मी पंधरा वर्षं लोकांच्या घरी लाटते, कुनी माणूस नाय बोललं माझ्यासाठी एवढं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मी कुटं जानार नाय. कुनाला सांगनार पन नाय. फकस्त माझ्या लेकीकडं, पिंकीकडं बघायचं नाय."

"लंकाबाई, अहो मी..."

मी वम्पायर नाही, लेखिका आहे, एवढंच सांगायचं होतं. तृप्तीनं ओट्याकडे पाहिलं. मऊसूत पोळ्यांची चवड होती, कडेला तिचा भरलेला डबा होता, आणि खिळ्यावर लंकाबाईंची पिशवी नेहमीसारखी लिंबांनी थोडी फुगलेली होती.

"डब्यात बिटाची कोशिंबीर दिलीय," लंकाबाई हळूच म्हणाल्या. "वाईच जास्त घातलीय. तेवढंच तुमाला बरं वाटंल."

तृप्तीनं डबा उचलला आणि दात दिसणार नाहीत इतपतच हसली.