इनास गव्याची सोय

एका जंगलात एक जुनं चर्च होतं. जंगलात चर्च कुठून आलं, असं विचारू नका बाळांनो. त्याच जंगलात पुढे एक समितीही येणार आहे. तिच्याबद्दल तुम्ही काही विचारणार नाही, मला माहीत आहे.

चर्च दगडी होतं. घंटेचा मनोरा उंच होता. प्रार्थनेला येणारे थोडेच उरले होते, पण चर्च कधी रिकामं नसे. पावसात हरणं आत येऊन उभी राहत. माकडिणी बाळंतपणाला येत. ज्याला घरच्यांनी हाकललं, तो मागच्या बाकावर येऊन झोपे. सकाळी त्याला कुणी काही विचारत नसे. नुसतं काहीतरी खायला पुढे सरकवत.

वेदीजवळ इनास नावाचा म्हातारा गवा राहायचा. दोन्ही डोळ्यांनी आंधळा. पण कुठला खांब कुठे, कुठली फरशी हलते, सगळं त्याच्या अंगात मुरलेलं. कार्मेल शेळी त्याला रोज गवत आणून द्यायची, आणि रोज बोलायची.

"खा काका. तुमच्यापायी माझे दात झिजले."

"जीभ कशी नाही गं झिजत?" इनास म्हणायचा, आणि खायचा.

असं सगळं बरं चाललं होतं. म्हणजे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग एकदा मोर तिथून गेला. मोर म्हणजे जंगलातली बडी असामी. त्याने आत डोकावलं आणि तो हळहळला.

"अरेरे! एवढी ऐतिहासिक वास्तू, आणि नुसती वापरात!"

झाली समिती. मोर अध्यक्ष. शेजारच्या जंगलातून एक कोल्हा सल्लागार म्हणून आणला. कोल्ह्याने चर्चभोवती सावकाश फेरी मारली आणि सांगितलं, "खाली सर्वांसाठी सभागृह. वर मनोऱ्यात निराधार आणि अपंगांसाठी खोल्या. मदतनिसासकट."

"ते आत्ताही इथेच राहतात की," कार्मेल म्हणाली.

"राहतात. पण योजनेशिवाय."

"आणि लंगडे मनोरा चढणार कसे?"

"पायऱ्या ऐतिहासिक आहेत, बाई. त्यांना हात लावता येत नाही."

"पायऱ्यांना नका लावू. लंगड्यांना लावा!"

मोर खाकरला, आणि सभा संपली.

सगळ्यांना बाहेर काढलं. इनास मात्र हलेना. "मला इथून काढलंत तर मी कुठेतरी आपटून मरेन," तो म्हणाला.

"छे छे, काका!" कोल्हा म्हणाला. "खोल्या तुमच्यासारख्यांसाठीच आहेत. फक्त तुमची गरज तपासावी लागेल."

तपासणी चर्चमध्येच झाली. इनासला दारापासून वेदीपर्यंत चालायला सांगितलं. तो कार्मेलच्या आधाराने डबक्यात डुंबून, स्वच्छ होऊन आला होता. पाहुण्यांसमोर धडपडणं त्याला बरं दिसेना. खांब चुकवत, हलती फरशी ओलांडत तो निघाला.

"काका, आपटा!" कार्मेल दारातून कुजबुजली. "एकदा तरी आपटा!"

"कशाला गं? माझंच घर आहे," इनास म्हणाला, आणि थेट वेदीपाशी जाऊन उभा राहिला.

कोल्ह्याने मान हलवली. "यांना आधाराची गरज दिसत नाही."

मागोमाग ससे आले. चांगले धडधाकट. पण असे लंगडले, असे लंगडले, की मोराचे डोळे भरून आले. खोल्या सशांना मिळाल्या. मनोऱ्याच्या पायऱ्या ते उड्या मारत चढून गेले.

"पाहिलंत?" कोल्हा म्हणाला. "आधाराचा परिणाम!"

इनास बाहेर पडला तो पहिल्याच झाडावर आदळला. शिंग मोडलं. कार्मेल धावत कोल्ह्याकडे गेली. "आपटले! आता तरी बघा!"

"वा! आता पात्र झाले," कोल्हा आनंदाने म्हणाला. "पण खोल्या भरल्या."

सभागृह सर्वांसाठी खुलं झालं. फक्त खुरांनी फरशी खराब होते म्हणून खूरवाल्यांना बंदी, आणि माकडं कलकलाट करतात म्हणून माकडांना. बाकी सर्वांसाठी.

इनास त्याच झाडाच्या बुंध्याशी बसून राहिला. दुसरीकडे जायचं म्हणजे पुन्हा आदळणं आलं. कार्मेलने गवत तिथेच आणलं. पाऊस आला, तशी हरणं आली. एक माकडीण आली, पोट सांभाळत. हळूहळू झाडाची मुळंही इनासला पाठ झाली.

"बरी जागा आहे गं," तो म्हणाला.

"हळू बोला," कार्मेल म्हणाली.

पण ऐकणाऱ्याने ऐकलं होतं. कुणीतरी झाडाभोवती सावकाश फिरत होतं.

"काका," कोल्ह्याने फार मायेने विचारलं, "हे झाड बरंच जुनं दिसतंय, नाही?"

"छे हो," आंधळा इनास म्हणाला. "कालच रुजलंय."

तात्पर्य : बाळांनो, अडल्यानडलेल्याला आसरा जरूर द्यावा. पण चोरून द्यावा. बरं चाललेलं चारचौघांच्या नजरेस पडलं, की ते त्याचं भलं केल्याशिवाय सोडत नाहीत.